अंध लेकराचे हात मोकळे सोडा

आपल्या घरात अंध मूल जन्माला आलं की आधी गर्दी होते. नातेवाईक येतात, शेजारपाजारचे येतात. कुणी दम केलेलं पाणी आणतं, कुणी नागपूरच्या डॉक्टरचा पत्ता देतं. सहा महिन्यांत गर्दी ओसरते आणि मागे एकच शब्द उरतो, 'बिचारा'. तो शब्द मग त्या मुलाच्या नावाला कायमचा चिकटतो. लोक तो प्रेमाने वापरतात, हे मला मान्य आहे. पण या प्रेमाने अंध मुलाचं जेवढं नुकसान होतं तेवढं कधीकधी डोळे नसण्यानेही होत नाही, असं माझं मत झालं आहे. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. गेली सहा वर्षं जामला माझ्या खालाच्या घरी मी जे पाहत आलो, त्यातून ते बनलं आहे.

जाम तुमच्यापैकी अनेकांनी बसच्या खिडकीतून पाहिलं असेल. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. इथूनच वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. चौरस्त्यावर ट्रक, ढाबे, चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं आणि बसची वाट बघणारी माणसं. खालाच्या मुलाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, इथे टायर-पंक्चर आणि किरकोळ दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला. वजन सव्वा किलो. महिनाभर काचेच्या पेटीत राहिला, ऑक्सिजनवर राहिला आणि जगला. घरी आला तेव्हा खालाने मोहल्ल्यात मिठाई वाटली. डोळ्यांबद्दल तोपर्यंत कुणी अक्षर काढलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात खालाच्याच लक्षात आलं. पोरगं आवाजाला कान देतं, पण चेहऱ्याकडे बघत नाही. धावपळ करून मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटला आहे आणि वेळ निघून गेली आहे. एका डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ही माहिती एखाद्या घराच्या कामाची असू शकते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांपर्यंत वाढत असतात. मूल लवकर जन्मलं की ती वाढ अर्धवट राहते. नंतर त्या वाहिन्या वेड्यावाकड्या फुटू लागतात आणि पडद्याला ओढून धरतात. याला आरओपी म्हणतात. ज्या बाळाचं जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी आहे किंवा जे चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलं आहे, त्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासायला हवा. फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने बहुतेक वेळा नजर वाचवता येते. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आमच्याच जिल्ह्यात आहे, नागपूरही जवळ आहे. म्हणजे अंतराची अडचण नव्हती. 'डोळे तपासून घ्या' एवढं एक वाक्य सुटीच्या दिवशी कागद हातात देताना कुणी बोललं नाही, अडचण ती होती. मावसभाऊ आजही तो कागद जपून ठेवतो. त्यात औषधांची नावं आहेत, पुढच्या लसीची तारीख आहे. डोळ्यांचा उल्लेख नाही.

त्या दिवसांत कुजबुजही झाली. नवरा-बायको एकमेकांचे नातलग, म्हणून असं झालं, असं लोक म्हणू लागले. या मुलाच्या बाबतीत ते खरं नव्हतं. पण तो विषय झाकून ठेवण्यासारखाही नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे पडद्याचे काही आनुवंशिक आजार मुलांमध्ये येण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात मामे-आते भावंडांची लग्नं हिंदू समाजातही होतात, आपल्यात चुलत-मावस भावंडांचीही होतात. शरियतने अशा लग्नाला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. घरात आधीच एखादं मूल अंध जन्मलं असेल, तर पुढचं लग्न नात्यात ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं हा शहाणपणा आहे. त्यात ईमानाला कुठे धक्का लागत नाही.

खालाने मन्नत मानली होती. समुद्रपूरच्या पुढे गिरडला टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. त्या टेकडीवर गोल, सुपारी-जायफळासारखे दगड सापडतात. कुचेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, अशी त्यांची कथा सांगतात. खालाने नातवाला दोनदा तिथे नेलं. मी तिला कधी अडवलं नाही. दुआ मागणाऱ्या आजीशी वाद घालून काय मिळवायचं? पण दुसऱ्या खेपेला परत येताना तिने त्या पोराच्या दोन्ही मुठींत एकेक दगड दिला होता. चौरस्त्यापर्यंत त्याने ते सोडले नाहीत. फिरवत होता, गालाला लावत होता, एकमेकांवर आपटत होता. खाला म्हणाली, "देख, इसके हाथ कैसे जागे हैं." माझ्या मते त्या पोराच्या शिक्षणाची सुरुवात तिथे झाली.

तोपर्यंत घरात काय चाललं होतं ते ऐका. पोरगं वर्षाचं झालं तरी रांगत नव्हतं. आई खोलीत आली की हातपाय झाडायचं थांबून गप्प पडून राहायचं. आईला वाटायचं, याला माझं काही नाही. शेजारीण म्हणायची, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं असेल. हा गैरसमज फार घरांत होतो आणि त्यातून मुलाशी बोलणंच कमी होतं.

अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग नावाच्या बाईंनी अंध बाळांच्या घरी जाऊन वर्षानुवर्षं त्यांचं निरीक्षण केलं आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं. डोळस बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की समोरची वस्तू बघून हात पुढे करतं. अंध बाळाला वस्तूची खबर फक्त आवाजातून मिळते. पण 'हा आवाज म्हणजे मघाशी हातात होती तीच वस्तू' हे कळायला वर्ष भरत येतं. तोवर त्याच्यासाठी हातातून सुटलेला खुळखुळा जगातूनच नाहीसा होतो. समोर ओढणारं काही नाही, म्हणून ते रांगत नाही. अंगात ताकद असते, पण जायचं कुठे? आणि आईच्या पावलांचा आवाज आला की ते गप्प होतं, कारण ते ऐकत असतं. डोळस माणसाला चेहरा बघायची सवय, म्हणून त्याला तो गप्पपणा कोरडा वाटतो. अंध बाळाचा चेहरा बघू नका, हात बघा, असं फ्रायबर्ग सांगतात. आई आल्यावर त्याची बोटं काय करतात ते बघा.

हे सगळं आमच्या घरी पुस्तकातून आलं नाही. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून एक विशेष शिक्षिका घरी येऊ लागल्या, त्यांनी आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी खालाला नातवाला भरवताना पाहिलं. पोरगं अडीच वर्षांचं होतं आणि घास आपोआप तोंडात पडत होता. बाई म्हणाल्या, "आजी, ही भाकर कुठून येते ते याला माहीत आहे का? याच्यासाठी ती आभाळातून पडते."

खालाला राग आला. अंध लेकराला भरवायचं नाही तर काय करायचं? पण बाई दर पंधरा दिवसांनी येत राहिल्या. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. भाकर थापताना त्याला जवळ बसवा, पिठाच्या डब्यात हात घालू द्या, गोळा त्याच्या हातात द्या, तव्याची ऊब लांबून लागू द्या. त्याचा हात धरून ओढू नका. तुमचा हात खाली ठेवा, त्याचे हात वर ठेवू द्या, म्हणजे तुमचा हात काय करतो ते त्याला समजेल आणि नको वाटलं तर त्याला हात काढूनही घेता येईल. उचलण्याआधी सांगा, एकदम उचलू नका. खोलीत आलात की आवाज द्या, जाताना सांगून जा. वस्तूंच्या जागा रोज बदलू नका. आणि पडू द्या. डोळस पोर पडत नाही का?

शेवटची गोष्ट खालाला सगळ्यात अवघड गेली. त्या पोराच्या कपाळावर आज तीन खुणा आहेत. एक उंबऱ्याची, एक पाण्याच्या टाकीची आणि एक बापाच्या दुकानातल्या जॅकची. पण तो पाच वर्षांचा झाला तेव्हा घरापासून दुकानापर्यंत बापाचं बोट न धरता, नुसता त्याच्या पुढे चालत जाऊ लागला. पायाखाली आधी फरशी, मग माती, मग मुरूम. जिथे रबर जळल्याचा वास येतो तिथे डावीकडे. कंप्रेसरचा आवाज समोरून आला की पोचलो. महामार्ग कुठे आहे हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ब्रेकच्या आवाजावरून ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे तो बापाला सांगतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबर येतं. लोकांना हा चमत्कार वाटतो. 'अल्लाहने डोळे घेतले आणि कान दिले' असं म्हणतात. तसं काही नसतं. त्याचे कान आपल्यासारखेच आहेत. आपण कानांना काम देत नाही, तो देतो.

काम मिळालं नाही तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. मधल्या काळात हा मुलगा तासन् तास बसून झुलायचा आणि बोटाने डोळा दाबायचा. अनेक अंध मुलं असं करतात. शरीराला बाहेरून काही मिळालं नाही की ते स्वतःलाच काहीतरी देत बसतं. मारून किंवा हात बांधून ही सवय जात नाही. हातात दुसरं काम आलं की कमी होते. दुकानात जायला लागल्यापासून त्याचं झुलणं बरंच कमी झालं.

या दुकानाबद्दल लिहिताना मला आमच्या जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने अभ्यासक्रम ठरवण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. नयी तालीम ती हीच. मुलाने एखादं हातकाम करावं आणि त्या कामातून गणित, भाषा, भूगोल शिकावं, हा तिचा गाभा. ही योजना डोळस मुलांसाठी होती आणि देशाने ती फारशी चालवली नाही. पण अंध मुलाला दुसरा रस्ताच नाही. त्याच्यासाठी जग म्हणजे हाताला लागलेलं जग.

माझा पुतण्या मोजायला शिकला तो नटांवर. दहाचा पाना आणि बाराचा पाना यांतला फरक तो बोटाने सांगतो. सतराचा पाना मागितला तर पेटीतून सतराचाच काढून देतो. लहान-मोठा, जड-हलका, आटे डावे की उजवे, ट्यूब गरम की गार, हे सगळे धडे त्याला पंक्चरच्या दुकानात मिळाले. शाळेच्या पुस्तकात ते चित्रांत असतात.

चित्र त्याच्या कामाचं नाही, आणि नुसता शब्दही पुरत नाही. अंध मुलं बोलायला लागली की भराभर बोलतात. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतात. घरच्यांना वाटतं, पोरगं हुशार आहे. पण शब्दामागे वस्तू आहे की नाही हे कुणी तपासत नाही. तो 'कापूस, कापूस' म्हणायचा, कारण आमच्याकडे दिवाळीनंतर दुसरं बोलणंच नसतं. त्याला माहीत होता तो औषधाच्या दुकानातला कापूस. मग शेजारच्यांच्या वावरात नेलं. पऱ्हाटीचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत चाचपू दिलं. बोंडाचं वाळलेलं टोक त्याच्या बोटाला टोचलं, आतून कापूस ओढला तेव्हा सरकी हाताला लागली. घरी येऊन त्याने आईला विचारलं, "उसमें बीज क्यूँ था?" हा प्रश्न आहे, हे पाठांतर नाही. त्या दिवशी शाळेचा एक दिवस बुडाला, पण माझ्या हिशेबी महिन्याचा अभ्यास झाला.

उलटंही सांगतो. 'बघ', 'दिसतं' हे शब्द अंध मुलासमोर वापरायचे नाहीत, असं लोकांना वाटतं. त्याची गरज नाही. बार्बरा लांडाऊ आणि लाइला ग्लाइटमन या दोघींनी १९८५ मध्ये एका लहान अंध मुलीच्या भाषेवर पुस्तक लिहिलं. तिला 'वर बघ' म्हटलं की ती मान वर न करता हात वर करायची. तिच्यासाठी बघणं हाताचं काम होतं, आणि तो अर्थ तिने स्वतः लावला होता. आमचं पोरगंही "चाचा, दिखाव" म्हणून हात पुढे करतं. गेल्या वर्षी चाँदरातीला सगळे गच्चीवर गेले तेव्हा त्याने विचारलं, चाँद कसा असतो? सगळे गप्प. खाला खाली गेली आणि खरबुजाची एक पातळ फोड घेऊन आली. "ऐसा. बाहर से गोल, अंदर से खाली, दोनों तरफ नोक." त्याने बोट फिरवून बघितलं आणि मग फोड खाऊन टाकली.

आता शाळेबद्दल. तो पाच वर्षांचा झाला तसा घरात प्रश्न उभा राहिला आणि वादही. एका नातेवाइकाचं म्हणणं, याला हिफ्जला बसवा. डोळे नसले तरी कान आहेत, कुरआन पाठ करेल, दीन-दुनिया दोन्ही साधेल. दुसऱ्याचं म्हणणं, वसतिगृहाच्या अंधशाळेत टाका. नागपूरला स्वातंत्र्याच्या आधीपासून अंध विद्यालय आहे. जामहून दुसऱ्या फाट्याने गेलं की वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनातही अंध मुलांची शाळा आहे. खाला म्हणाली, सहा वर्षांचं लेकरू मी कुठेच पाठवणार नाही.

हिफ्जबद्दल मला आदर आहे. अंध हाफिजांची परंपरा मोठी आहे. उत्तरेकडे तर अंध माणसाला आदराने 'हाफिजजी' म्हणायची पद्धत पडली. पण बाकी सगळे दरवाजे बंद करायला हिफ्जचं निमित्त होत असेल, तर ते कुरआनवरचं प्रेम नव्हे, आपली सोय आहे. इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणीच आंधळे झाले. गावच्या मक्तबमध्ये त्यांनी कुरआन पाठ केला, पण ते तिथे थांबले नाहीत. पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवली, अरबीतले मोठे लेखक झाले आणि १९५० मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. आपल्या विदर्भातलंच उदाहरण हवं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज आहेत. तान्हे असतानाच दृष्टी गेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य मिळालं, पण त्यांनी सांगून लिहवून घेतलेल्या ग्रंथांची संख्या शंभरावर आहे. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात.

आणि आपल्याला तर बाहेर जायचीही गरज नाही. अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध सहाबी होते. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते काही विचारायला आले. त्या वेळी त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, त्यावर कुरआनची ऐंशीवी सूरह 'अबस' उतरली. शिकायला आलेल्या अंध माणसाकडे पाठ फिरवणं ही गोष्ट किती गंभीर आहे, हे यावरून समजावं. पुढे ते बिलाल (र.) यांच्यासोबत मदिनेचे मुअज्जिन झाले. पैगंबर (स.) बाहेर जात तेव्हा अनेकदा मदिनेचा कारभार त्यांच्यावर सोपवून जात. हदीसमध्ये असंही येतं की एका अंध सहाबीने घरी नमाज पढण्याची परवानगी मागितली. त्याला विचारलं गेलं, अजान ऐकू येते का? येते म्हटल्यावर, मग ये, असं सांगितलं गेलं. मला यात कठोरपणा दिसत नाही. जमातीत तुझी जागा आहे आणि ती रिकामी राहायला नको, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो. आपण मात्र अंध माणसाला सगळ्यातून सूट देतो आणि सूट देता देता त्याची जागाच काढून घेतो.

शेवटी पुतण्याला गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत घातलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा जवळची निवडायची की विशेष, हे पालकांनी ठरवायचं. मोठा झाल्यावर तो कदाचित वसतिगृहात जाईलही. तिथे त्याच्यासारखी दुसरी मुलं भेटतील, खेळ मिळेल, काठी घेऊन चालायचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळेल. विशेष शाळा वाईट आणि गावची शाळा चांगली असं मी म्हणत नाही. गावच्या शाळेत त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं तर ती शाळा नव्हे. म्हणून ब्रेलचा आग्रह आम्ही सोडला नाही.

ब्रेलचीही सुरुवात दुकानातच झाली. अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापला, उभे तीन, आडवे दोन. त्यात नट टाकायचे. पहिल्या खळग्यात एक नट म्हणजे अ. पहिल्या आणि तिसऱ्यात म्हणजे क. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात म्हणजे ल. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात आणि त्यांत सगळी बाराखडी, अंक, विरामचिन्हं बसतात. ही लिपी काढणारा लुई ब्रेल १८०९ मध्ये फ्रान्समध्ये जन्मला. बाप चामड्याचं काम करायचा. तीन वर्षांचा असताना बापाच्याच कारखान्यात आरी डोळ्याला लागून त्याची नजर गेली. पंधराव्या वर्षी त्याने ठिपक्यांची लिपी तयार केली आणि ते ठिपके उठवायला आरीसारखंच टोकदार हत्यार वापरलं. हे मी मावसभावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

भारतातल्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारलं गेलं. त्यात एक गंमत आहे. मराठीचा 'क', हिंदीचा 'क' आणि उर्दूचा 'काफ' यांचे ठिपके एकच. 'म' आणि 'मीम', 'ल' आणि 'लाम', 'ब' आणि 'बे' यांचंही तसंच. उर्दू आणि अरबी आपण उजवीकडून वाचतो, पण ब्रेलमध्ये तीही डावीकडून वाचली जाते. उलट पाटीवर सुईने ब्रेल लिहिताना मराठीसुद्धा उजवीकडून डावीकडे लिहावी लागते. कागद पलटला की ठिपके वर येतात आणि मग डावीकडून वाचायचं. आमच्या घरात बोलणं एका भाषेत आणि शाळा दुसऱ्या भाषेत. त्यामुळे लिपीवरून घरात नेहमी चर्चा चालते. या पोराच्या बोटांना ते भांडण माहीतच नाही. आणि ब्रेलमधला कुरआनही असतो, हे ऐकल्यावर हिफ्जचा आग्रह धरणारे नातेवाईकही थोडे नरम झाले.

लोक विचारतात, मोबाइल बोलतो, संगणक बोलतो, मग ब्रेल कशाला? बोलणारा मोबाइल हवाच. एनव्हीडीएसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. मोठेपणी नोकरीला तेच लागेल. पण नुसतं ऐकून शुद्धलेखन येत नाही, जोडाक्षर कळत नाही, गणिताची मांडणी डोक्यात राहत नाही. डोळस मुलाला आपण 'आता मोबाइल आहे, अक्षरं शिकू नको' असं म्हणतो का?

आता थोडं त्या मुलांविषयी, ज्यांना आपण अंध म्हणतच नाही. दृष्टिदोष असलेल्या मुलांपैकी पुष्कळांना थोडं दिसतं. पुस्तक नाकाला लावणारं, टीव्हीला चिकटणारं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल आपल्याकडे 'ढ' ठरतं आणि मार खातं. त्याला हवा असतो चष्मा, भिंग, मोठी अक्षरं, पुढचा बाक, जाड काळी पेन. बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं तर तो मोतीबिंदू असू शकतो. त्याला महिने नाही, आठवडे मोजून डॉक्टरकडे न्यायचं असतं. नजर मेंदूत तयार व्हायचा काळ उलटला की शस्त्रक्रिया होऊनही पूर्ण दिसत नाही. अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस मिळतात. ते चुकवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत-शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

एक गोष्ट मला अजून टोचते. हिंगणघाटला एका ओळखीच्या घरात एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. तिला अगदी थोडं दिसतं. पुतण्याबद्दल सांगायला मी तिच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "आपका भतीजा लड़का है, भाई." मुलगी शाळेत कधी गेलेली नाही. तिच्या नावाचं प्रमाणपत्र नाही, यूडीआयडी कार्ड नाही. घरात ती भांडी घासते, कपडे घड्या करते, लहान भावाला सांभाळते. म्हणजे हात चालतात, कान चालतात, डोकं चालतं. फक्त अक्षर तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. मुंबईत १९०० साली मिस मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा झाली. सव्वाशे वर्षं झाली तरी 'मुलगी आणि त्यातून अंध' हे दोन कुलूप लावलेलं दार आमच्याकडे तसंच आहे.

मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे. या वेळी शिक्षिका बाईही सोबत यायला तयार आहेत, आणि खालाने स्वतःहून सांगितलं आहे की मुलीच्या आईशी ती बोलेल. तुमच्या मोहल्ल्यातही असं एखादं घर असेल. तिथे जाल तेव्हा पैसे किंवा फळं घेऊन जाण्याआधी एवढं विचारा, मुलाचं प्रमाणपत्र झालं का, गटसाधन केंद्रात नाव आहे का, ते स्वतःच्या हाताने जेवतं का. आणि त्या मुलाशी बोला. आईला विचारू नका की 'याला काय आवडतं'. त्यालाच विचारा.